जर्मन आलं, जर्मन

परवा लातुरात एक भांडेवाला ‘जर्मनची पातेली’ असं ओरडत गेला. चौकाचौकांत विकासाच्या कमानी लागल्या, तरी आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात.

लहानपणी नांदेडला आमच्या डॉक्टरीणबाई ज्यू होत्या. हिटलरच्या माणसांपासून जीव वाचवून इतक्या लांब आलेल्या. एकदा त्या मला तपासत असताना बाहेर आरोळी आली, “जर्मन आलं, जर्मन!” बाईंनी मला ओढून टेबलाखाली घेतलं आणि स्पिरिटचा वास येणारा हात माझ्या तोंडावर दाबला.

आई हसली. “भांडेवाला हाय वो, बाई.”

“कितने हैं?” बाईंनी कुजबुजत विचारलं.

“एकलाच हाय. सायकलवर.”

बाई हलल्या नाहीत.

हा किस्सा मी वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगत आले, शेवट गाळून. आईचं हसू थांबलं होतं आणि लुगडं सावरत तीही टेबलाखाली आली होती.