दिवा हिरवाच होता

कारखान्यात सगळे त्यांना जपूनराव म्हणायचे. शिडी चढणाऱ्याला "जपून", चहाचा कप उचलणाऱ्यालाही "जपून". इलेक्ट्रिशियन माणूस, तीस वर्षं विजेशी संसार, आणि एकदाही झटका बसलेला नाही. याला कोणी भित्रेपणा म्हणत असेल तर म्हणो बापडा! फोरमन तर तोंडावर म्हणायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

धाकट्या बहिणीला (धाकटी असली तरी सगळे तिला ताईच म्हणत) पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला लावलं ते त्यांनीच. तिचे हात शाबूत राहावेत म्हणून प्रेसच्या तोंडाशी किरणांचा पहारा बसवला, तोही त्यांनीच. एका खांबातून किरण निघणार, समोरच्या खांबाला पोचणार. मध्ये हात आला की किरण अडला, दिवा लाल झाला, प्रेस थांबली. रोज सकाळी रिकाम्या टेबलावर काळा दांडा आडवा ठेवून बघायचं, दिवा लाल झाला की वहीत सही करायची आणि कामाला लागायचं. चार वर्षं हेच चाललं होतं.

त्या दिवशी जपूनराव घरी होते. घोटा मुरगळला होता. (जिन्यावरून उतरताना, आणि तेही जपून!) पाय उशीवर ठेवून ते मोबाईलवर त्यांचा लाडका खेळ खेळत बसले होते. त्यात वाळू, पाणी, लाकूड, धातू हवं तिथं टाकायचं आणि काय होतं ते बघायचं. किरण सोडणारा एक ठोकळाही असतो. त्याला एका बाजूनं ठिणगी द्या, विरुद्ध बाजूनं सरळ रेषेत किरण निघतो. लाकूड लागलं की तिथंच संपतो. धातू लागला की धातूतच नवी ठिणगी उठते आणि पुढं पळते.

"पन्नाशी उलटली, आता गोट्याही खेळा," बायको म्हणाली.

"अगं, ताईची प्रेस बनवतोय."

खरंच बनवली होती. इकडं ठोकळा, तिकडं किरण झेलणारा धातू, मध्ये हात म्हणून लाकडाचा तुकडा. किरण अडला, प्रेस थांबली. जपूनराव खूश! मग त्यांना वाटलं, कामाचा पत्राही ठेवून बघू. ठेवला. त्याचं एक टोक हाताच्या पुढं आलं होतं. किरण टोकावर आदळला, ठिणगी पत्र्यातून हाताच्या खालून पळाली आणि पलीकडं पोचली. प्रेस धाडकन खाली आली. लाकडाचा भुगा झाला.

"खेळ आहे नुसता," ते स्वतःशी म्हणाले. खऱ्या पत्र्यातून किरण थोडाच पळतो?

पण खऱ्या चकचकीत पत्र्यावरून उसळतो की, आणि हाताला चुकवून समोरच्या खांबाला पोचतो! सकाळी ताईचा फोन आला होता. "दादा, नवीन पत्रा आलाय, आरशासारखा. त्यात बघून केस विंचरावेत." आणि रोजची तपासणी रिकाम्या टेबलावर. पत्रा ठेवून दांडा कधीच कोणी धरला नव्हता. त्यांनीसुद्धा नाही.

कामाच्या वेळी ताईचा फोन कपाटात कुलूपबंद. फोरमन फोन उचलेना. बायको म्हणाली, "आधी रिक्षा बोलवते, मग ओरडते." रस्ताभर जपूनराव ड्रायव्हरला "जोरात घ्या" म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

शेडमध्ये प्रेस धडधडत होती. ताईच्या कानावर आवाजरोधक, नजर पत्र्यावर. त्यांनी लंगडत जाऊन मेन स्विचच खाली ओढला. सगळी शेड गप्प झाली.

फोरमन धावत आला. "काय हो जपूनराव, ब्रह्मराक्षस दिसला का?"

"दांडा द्या," ते म्हणाले. "पत्रा तसाच राहू दे. सगळे लांब व्हा."

त्यांनी दांडा पत्र्यावर आडवा ठेवला आणि स्विच वर केला. दिवा हिरवा लागला. दांडा मध्येच पडलेला, तरी हिरवा. त्यांनी दुखऱ्या पायानं पायपट्टी दाबली. प्रेस खाली आली, आणि वर गेली तेव्हा दांडा पापडासारखा चपटा झाला होता.

फोरमननं टोपी काढली आणि परत घातली, उगाचच.

ताईनं हातमोजे काढले. "दादा," ती हळूच म्हणाली, "मघाशी पत्रा अडकला होता. मी कोपरापर्यंत हात घातला होता आत."

"आणि दिवा?"

"हिरवाच होता. मला वाटलं, बिघडला असेल, तू आलास की सांगू." तिनं खाली पायपट्टीकडं बघितलं. "पाय तेवढा पट्टीवर नव्हता रे. एरवी असतो."

जपूनराव तेलकट जमिनीवर मटकन बसले. सगळ्यांच्या देखत त्यांनी बहिणीचे दोन्ही हात धरले, आणि फोरमन "उठा आता, उठा" म्हणत राहिला तरी त्यांना ते सोडता येईनात.