पांढरा शनिवार

याही शनिवारी मानसी आली नव्हती.

शनिवारी आमच्या कोपरखैरण्याच्या शाळेत मास पीटी असते. अख्खी शाळा मैदानावर, ढोलाच्या ठोक्यावर कवायत आणि सगळ्यांना पांढरा गणवेश. मी तिथली पीटी टीचर. मानसी नववीतली, माझी सगळ्यात चांगली रेडर. कबड्डीत समोरच्या कोर्टात घुसून गडी बाद करून येणारी. पण शाळेचा नियम होता, शनिवारी सारखी दांडी मारणाऱ्याला टीममध्ये घ्यायचं नाही. आणि स्पर्धा तोंडावर आली होती.

"काढा तिचं नाव," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. "एकीला सोडलं तर उद्या सगळ्याच घरी बसतील."

"सोमवारपर्यंत थांबा, मॅडम."

मी बोनकोड्यात तिच्या घरी गेले. आई दारात कोलंबी सोलत होती. विचारलं, "ही शनिवारीच कशी आजारी पडते?"

"आजारी नाय ती. मागं पाळी आली नि पांढऱ्या पँटला डाग परला. पोरं हसली. अजून तारीख धड नाय तिची, म्हनून भीतीनं सगलेच शनिवार बुरवते. बाई, पांढराच कशाला पायजे?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आमच्या घामट हवेत मुली कमरेला स्वेटर बांधून कवायत करतात, ती काही फॅशन नव्हती. मला भयंकर राग आला, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेही कळेना.

सोमवारी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "पँट नेव्ही ब्लू करूया."

"ट्रस्टींना पांढरीच हवी. फोटो चांगले येतात."

"मग आपण लेडीज टीचर्सनीही दर शनिवारी पांढरी सलवार घालूया. तारीख न बघता."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मानसीचं नाव राहू द्या. ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये मी बोलते."

मीटिंगला मलाही बसवलं. मॅडम उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मैदानातल्या लाल मातीचे डाग निघत नाहीत. पालकांची तक्रार आहे."

"मग गडद रंग घ्या की," चेअरमन म्हणाले. "एवढ्यासाठी मीटिंग कशाला?"

बाहेर आल्यावर मी भडकले. "माती, मॅडम?"

"शिंदे टीचर, तुम्हाला पँट हवी होती की भाषण?"

"पँट," मी म्हटलं. पण भाषण पोटात राहिलंच होतं. आरोग्याच्या तासाला मुलं-मुली एकत्र बसवली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'पाळी' लिहिलं. पोरं खिदळली. हसू दिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. हळूहळू हसण्यातली गंमत संपली.

निळ्या पँटचा पहिला शनिवार. कवायत झाल्यावर प्रॅक्टिससाठी मुली गोळा केल्या. मुलं बाजूलाच उभी होती. नेहमीसारखं विचारलं, "कोणाला बरं नाहीये?"

मानसीने हात वर केला. "टीचर, माझी पाळी चालू हाय. पन पयली रेड मीच टाकनार."

टाकली, आणि गडी मारून आली. कुणी हसलं नाही.

स्पर्धेत आम्ही सेमीफायनलला हरलो. मीटिंगच्या मिनिट्समध्ये कारण अजून लाल मातीच आहे. मुलींना खेळाची आवडच नसते, असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, पँट कुठल्या रंगाची आहे?