केदारअप्पांची नंबर एक वेबसाइट

केदारअप्पा शेटे यांनी आयुष्यात स्वतःच्या हातानं केलेलं एखादं काम मला कुणीतरी दाखवावं. मी तेलगावचीच, त्यांच्या भावकीतली, लहानपणापासून त्यांना बघत आलेय. मला तरी असं काम आठवत नाही. नाक्यावरचं अवजारांचं दुकान त्यांच्या वडिलांनी, मल्लिनाथअप्पांनी, उभं केलं. गिऱ्हाईकही त्यांनीच जोडलं. दुकानाचं नाव ज्या तिफणीमुळे झालं, ती बनवायचे पाशा मिस्त्री. केदारअप्पांनी काय केलं, तर वडील गेल्यावर त्या तिफणीवर 'शेटे ॲग्रो' अशी पितळी पट्टी ठोकून घेतली. ती पट्टीसुद्धा मिस्त्रींनीच ठोकली.

तिफण म्हणजे पेरणीचं तीन फणांचं अवजार, कुणीही लोहार करतो. पण आमच्याकडच्या काळ्या चिकट रानात फणांत माती अडकून ते सारखं गुंततं. मिस्त्रींची लोखंडी तिफण गुंतत नसे आणि बी सगळीकडे सारख्या खोलीवर पडे. त्यामुळे चकलांब्यापासून युसूफ वडगावपर्यंतचा शेतकरी दुकानात येऊन एवढंच म्हणायचा, "पाशाची तिफण हाय का?" पितळी पट्टी कुणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अप्पा मात्र स्वतःला कारखानदार समजत. सफारी, खिशात दिसेल असा मोबाईल, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय. एकदा एका गिऱ्हाइकानं तिफणीच्या कुठल्याशा भागाचं नाव विचारलं, तर अप्पा म्हणाले, "ते लेबरला माहीत असतंय."

मी कॉलेज करून परत आले आणि नाक्यावर सायबर कॅफे टाकलं. ही दोन हजार पाच सालची गोष्ट. वेबसाइटी बनवून द्यायचे; जवळपास दुसरं कुणी बनवत नव्हतं. त्याच सुमारास ट्रॅक्टरवरची पेरणी यंत्रं गावोगाव दिसायला लागली आणि अप्पांच्या दुकानातली गर्दी विरळ झाली. पुण्याच्या कुण्या पाहुण्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं की वेबसाइट केली की देशभरातनं गिऱ्हाईक येतं. झालं, अप्पा कॅफेत हजर.

"शिवानी, आपली वेबसाइट कर. गूगलवर आपून नंबर एकला पायजे."

अप्पांना नंबर एक हवा होता तो मिरवायला. खरी गरज होती ती पाशा मिस्त्रींना. त्यांची भट्टी दुकानामागच्या शेट्यांच्याच जागेत, लोखंड शेट्यांचं, माल जायचा तो शेट्यांच्याच दुकानातून. त्यांचा मुलगा अल्ताफ चाकणला एका कंपनीत वेल्डर होता आणि बापाला सारखा बोलावत होता. मिस्त्रींना जायचं नव्हतं. अप्पा वेबसाइटचं बोलून गेल्यावर ते स्वतः कॅफेत आले, हात पुसत दारातच उभे राहिले.

"बेटी, मला त्यातलं काय समजत न्हाई. पण या मिरगापर्यंत बाहेरची गिऱ्हाइकं आली तर भट्टी चालंल. न्हाई तर बंद करून पोराकडं जावं लागंल. तिथं मी काय करू? गेटवर बसू?"

मी म्हटलं, "चाचा, आत तर या." ते काही आत आले नाहीत.

मी काम मनापासून घेतलं. बाजारात नवखा माणूस येतो, तो एक नाव तोंडात घेऊन येतो आणि त्या नावाची पाटी शोधतो. गूगलचंही तसंच. माणूस कोणते शब्द टाकेल ते आधी हुडकायचं, मग ते पानाच्या मथळ्यात, मजकुरात, फोटोखाली नीट बसवायचे. म्हणून मी बाजाराच्या दिवशी दुपारभर अप्पांच्या गल्ल्याजवळ उभी राहिले आणि लोक काय मागतात ते ऐकलं. जो तो "पाशाची तिफण" मागत होता. शेतकरी स्वतः कॉम्प्युटरवर बसणार नव्हता हे मलाही कळत होतं. पण त्यांची पोरं पुण्या-औरंगाबादला शिकत होती, परजिल्ह्यातले अवजारांचे व्यापारी इंटरनेट बघायला लागले होते. ती मंडळी हेच नाव टाकणार. मी आराखडा केला: वर 'पाशा मिस्त्रीची तिफण, तेलगाव', मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही, खाली ती चिकट रानात कशी चालते त्याची माहिती, मिस्त्रींचा भट्टीवरचा फोटो, आणि दुकानाचा फोन.

अप्पांनी आराखडा पाहिला आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"मिस्त्रीचं नाव कावून? दुकान कुणाचं हाय?"

"तुमचंच आहे अप्पा. पण लोक त्यांच्या नावानं शोधणार."

"लोकांला काय कळतंय? उद्या म्हणशील, शिवणाऱ्या टेलरचं नाव कोटावर टाका."

आणि त्यांनी पिशवीतून त्यांच्या मुलीची, रुद्राणीची, लग्नपत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. चांगली चार घड्यांची, सोनेरी कडांची. म्हणाले, "हे बघ. ही पत्रिका लई गाजली होती. अशी वेबसाइट कर."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा करायला डोकं लागतं. त्यांना खरोखरच पत्रिका हवी होती. वर कुलदैवत मल्लिकार्जुनाचं नाव, मग घराण्याचे गुरू, मग साखर कारखान्याच्या एका संचालकाचा फोटो, मग सगळी भावकी मानाप्रमाणे, मग व्याही, जावई, मामेमंडळी, आणि शेवटी लहान पोरांची नावं. छापील चारोळीसुद्धा. तिफण अगदी तळाशी, पत्रिकेत जिथं जेवणाची वेळ असते तिथं. पान उघडलं की सनई वाजली पाहिजे, हेही बजावलं. मी माझ्या वडिलांकडे तक्रार नेली. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "माझं नाव कितव्या ओळीत हाय?"

असल्या लोकांपुढे कुणी काय डोकं फोडावं! तरी मी एक जागा हेरून ठेवली होती. पान उघडलं की ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या निळ्या पट्टीत एक ओळ दिसते. गूगल आधी ती ओळ बघतं आणि शोधणाऱ्यालाही तीच दाखवतं. पानात हवी तेवढी भावकी कोंबा, ती एक ओळ नीट असली तरी बरंच काम होतं. मी तिथं 'पाशा मिस्त्रीची तिफण, तेलगाव' असं टाकलं आणि गप्प बसले.

उद्घाटनाला अप्पा नारळ घेऊन आले, मागे सगळी भावकी. कॅफेत पाय ठेवायला जागा नाही. सनई सुरू झाली, जो तो आपलं नाव शोधायला लागला. मुंजाजीकाकांचं नाव आपल्या वर का, म्हणून त्रिंबककाका आधीच फुगले होते. त्यांना राग काढायला काहीतरी हवंच होतं. त्यांची नजर त्या निळ्या पट्टीवर गेली.

"अप्पा, हे काय? देव खाली आन् मिस्त्री वर?"

सगळ्यांच्या माना पट्टीकडे वळल्या. सनई वाजतच होती. मी समजावलं की ती पट्टी पानाचा भाग नाही, ती पाटी आहे, गिऱ्हाइकाला रस्ता दाखवायला. ऐकतो कोण! मल्लिकार्जुनाच्या वर माणसाचं नाव, तेही कामावरच्या माणसाचं! ज्यांनी जन्मात कधी पूजेची घंटा हलवली नाही तेही देवाचा अपमान झाला म्हणायला लागले. अप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पडद्याकडे बोट केलं. "काढ ते. तिथं देवाचं नाव टाक."

पाशा मिस्त्री दाराबाहेर उभे होते. त्यांच्या तिफणीच्या वेबसाइटचं उद्घाटन म्हणून ते धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "काढ बेटी. देवाच्या वर कशाला?" आणि भट्टीकडे निघून गेले. मला त्या क्षणी अख्ख्या भावकीला कॅफेतून हाकलून द्यावंसं वाटलं.

निळ्या पट्टीत '॥ श्री मल्लिकार्जुन प्रसन्न ॥' आलं. अप्पा रोज येऊन गूगलवर 'केदारनाथ मल्लिनाथ शेटे' असं स्वतःचं पूर्ण नाव टाकायला लावत. पहिली वेबसाइट त्यांचीच येई. का नाही येणार? ते नाव असलेलं दुसरं पान जगात नव्हतं, आणि ते शोधणारा तरी दुसरा होता कोण? पानाच्या तळाशी किती जणांनी पान बघितलं त्याचा आकडा होता. तो वाढताना बघून अप्पा गावभर सांगत, "एवढं गिऱ्हाईक येऊन गेलं." ते गिऱ्हाईक म्हणजे त्यांची भावकी. स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा बघायला येत आणि येणाऱ्या पाहुण्यालाही दाखवत.

फोनही यायला लागले. लांबून, परप्रांतातून. अप्पा खुलले. पण फोनवरचे लोक विचारत की मल्लिकार्जुनाच्या भक्तनिवासात खोली मिळेल का, अभिषेक किती वाजता असतो. देवाचं नाव टाकणाऱ्याला देवाचीच पाटी दिसली होती. त्या लोकांची काही चूक नव्हती. अप्पांनी बरेच दिवस फोनवर रागवारागवी केली आणि मग माझ्यावर खापर फोडलं, की हिला वेबसाइट बनवता येत नाही.

तिफणीसाठी एकही फोन आला नाही. मिरगाची पेरणी आली आणि गेली. पाशा मिस्त्रींनी भट्टी विझवली, हत्यारं तेल लावून गोणपाटात बांधली आणि ते रहिमाबीचाचींना घेऊन चाकणला गेले. त्यांना निरोप द्यायला शेट्यांच्या घरातलं कुणी आलं नाही. मी गेले होते. एस.टी. सुटताना चाचा म्हणाले, "तू चांगलंच केलं होतंस, बेटी." मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

अप्पांनी परराज्यातून कारखान्यात बनलेल्या तिफणी मागवल्या. स्वस्त, हिरव्या रंगाच्या, आमच्या रानात दोन तासांत गुंतणाऱ्या. तरी बाजाराच्या दिवशी लोक दारात येऊन "पाशाची हाय का?" असंच विचारत आणि नाही म्हटलं की माघारी जात. हे बरेच दिवस चाललं तेव्हा कुठे त्या सफारीतल्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला. ते कॅफेत आले, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शिवानी, ते मिस्त्रीचं नाव टाक बरं. पार वर, त्या पट्टीत."

"देवाच्या वर?"

"देवाला काय फरक पडतोय? टाक तू. पत्रिका बित्रिका काढून टाक सगळी. लोकं त्याच्याच नावानं शोधतेत."

"मिस्त्री तर गेले अप्पा. तिफण कुठली विकणार?"

"तिफण ती तिफण. नाव मिस्त्रीचं, माल आपला."

मी त्यांना तोंडावर सांगितलं की तुम्हाला लाज नाही, आणि हे काम मी करणार नाही. भावकीत त्याचा बोभाटा झाला, वडील माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. अप्पांना काही फरक पडला नाही. त्यांनी माजलगावच्या एका पोराकडून ते करून घेतलं. आणि त्या पोरानं माझा जुना आराखडा जसाच्या तसा उतरवावा तसं काम केलं. मथळ्यात पाशा मिस्त्री, मजकुरात पाशा मिस्त्री, इंग्रजीत पाशा मिस्त्री. फोटो मात्र केदारअप्पांचा, हिरव्या तिफणीवर हात ठेवलेला. महिन्या-दोन महिन्यांत ते पान गूगलवर नंबर एकला गेलं. फोन यायला लागले, खरे, तिफणीचे. अप्पांनी पेढे वाटले. मला पाठवलेला पुडा मी परत केला.

रमजान ईदला पाशा मिस्त्री गावी आले तेव्हा शीरखुर्म्याचा डबा घेऊन कॅफेत आले. या वेळी आत येऊन बसले. चाकणला एका गोदामाच्या गेटवर बसतो म्हणाले. मग हसून सांगायला लागले, अल्ताफनं एकदा तिकडच्या कॅफेत त्यांचं नाव टाकून दाखवलं होतं. सगळ्यात वर त्यांचंच नाव आलं, खाली फोन नंबर.

"मला वाटलं, लावून तर बघू. लावला. म्हणलं, पाशा मिस्त्री हायत का? केदारअप्पांनीच उचलला. आवाज न्हाई ओळखला त्यांनी माझा."

"काय म्हणाले?"

"म्हणले, मिस्त्री आत्ताच नमाजाला गेलेत. किती तिफणी पायजेत ते मला सांगा."

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात, चाचा?"

"काय म्हणणार? म्हणलं, आले की त्यांना माझा सलाम सांगा."