रायफल, बट नंबर सत्तावीस

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात नळी असलेली प्रत्येक वस्तू बंदूकच. बँकेच्या दारातल्या गार्डच्या खांद्यावर असते ती बंदूक, जत्रेत फुगे फोडायची तीही बंदूक, आणि सगळी नोकरी मी खांद्याला लावली तीही बंदूक. टपरीवर कुणीतरी विचारतंच, "भाऊ, तुमच्यापाशी कोनती बंदूक होती?" मी म्हणतो, "बंदूक नाही, रायफल." बायको म्हणते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बरोबर आहे तिचं. पण ही सवय एका माणसाची आहे. त्याच्याकडून ती मला लागली.

आधी रायफल म्हणजे काय ते सांगतो. बँकेच्या गार्डची बंदूक बहुधा आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत आतून गोल फिरत गेलेल्या बारीक खाचा असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरते, म्हणून ती सरळ जाते. त्या खाचांवरूनच हे इंग्रजी नाव पडलं. सैन्यात कागदावर 'रायफल' आणि तोंडी 'हथियार'. काही रेजिमेंटांत तर शिपायाला रायफलमन म्हणतात, म्हणजे शस्त्राच्या नावावरून माणसाचा हुद्दा. रिक्रूटच्या तोंडून 'बंदूक' निघालं की उस्ताद ती डोक्यावर धरायला लावून मैदानाला चकरा मारायला लावत. मीही मारल्या आहेत.

आमची कंपनी तेव्हा सीमेवरच्या एका डोंगरी पोस्टवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझ्या सेक्शनमध्ये नायक गजानन होता. भंडाऱ्याचा, विणकराच्या घरचा. एवढ्या लांब आपल्या बोलीत बोलणारा माणूस मिळणं म्हणजे काय, हे घर सोडल्याशिवाय कळत नाही. तो मला सख्ख्या भावासारखा होता. हे आज लिहितोय, तेव्हा त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

पोस्टवर दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हथियार घेऊन मोर्चात सज्ज उभं राहायचं, मग चहा, मग हथियार सफाई. दोरीच्या टोकाला चिंदी अडकवून ती नळीतून ओढायची. सरकारी चिंदी मिळायची, पण गजानन घरच्या आणायचा. मागावरच्या जुन्या सुती कापडाच्या, वापरून मऊ झालेल्या. रायफलच्या लाकडी दस्त्यावर रंगवलेला आकडा, म्हणजे बट नंबर, त्याचा सत्तावीस. तो आकडाही तो रोज पुसायचा. आम्ही चिडवायचो, "गजू, बायकोले तरी इतका जपशील काय?"

"आधी पोरगी तर पाहा," तो म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी गस्त परतत होती. पोस्ट दिसू लागली होती. समोरच्या डोंगराच्या धारेवरून फायर आला. आम्ही आडवे झालो, उलट फायर दिला. काही मिनिटांत सगळं थांबलं. गजानन माझ्या डावीकडे दगडाला टेकून बसला होता. गोळी बरगडीखाली लागली होती. मी पट्टी दाबून धरली. रेडिओवर पोस्टला कळवलं.

"एक जख्मी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"हथियार? ओव्हर."

"हथियार उसके हाथ में है. ओव्हर."

माणूस जखमी आणि हे हथियार विचारतात, असं लोकांना वाटतं. पण सैनिकाचं हथियार मागे राहत नाही, तसाच सैनिकही मागे राहत नाही. दोन्ही एकाच श्वासात विचारलं जातं.

स्ट्रेचर आलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, माही रायफल धर. खाली ठेवजो नोको."

मी धरली. उतारभर माझ्या एका खांद्यावर माझी आणि दुसऱ्यावर त्याची. हेलिपॅडपर्यंत पोचायच्या आधीच गजानन गेला.

रजा मिळाल्यावर मी भंडाऱ्याला गेलो. तेरवी होऊन गेली होती. त्याची माय मागाजवळ बसली होती, समोर काळी ट्रंक उघडी.

"सारं आलं रामदास," ती म्हणाली. "बूट आले, टोपी आली, चहाचा मग आला. त्याची बंदूक काहून नाही आली? त्याच्या बापाचा धोटा अजून मागावर हाये. मानसाची वस्तू घरी येते ना बेटा."

कुठे तरी मानाने ठेवली आहे, असं सांगता आलं असतं. त्या बाईशी खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"माय, ते सरकारची असते. साफ करून कोतात, म्हणजे शस्त्रं ठेवतात तिथं, जमा केली. आता दुसऱ्या जवानाले देली."

"इतक्या लवकर?"

"त्याच्या जागी दुसरा आला. पोस्ट रिकामी ठेवता येत नाही, माय."

तिने तोंड फिरवलं. मागावर आडवं सूत नेणारा तो धोटा उचलून सुटलेलं सूत सारखं केलं.

मग म्हणाली, "बंदूक म्हटलं का गजू चिडे. रायफल म्हन, म्हने. काय असते थे?"

मी बोटाने हवेत खाचा फिरवून दाखवल्या.

"म्हंजे आतून पीळ असते," ती म्हणाली. "सुताले असते तसा."

"तसाच. आनि त्या पिळात कचरा अडकला का मुश्कील. म्हणून रोज मऊ चिंदी फिरवावी लागते."

तिने डोळे पुसले. "मंग थो चिंद्या यासाठी नेत जाय? मले वाटे, बूट पुसाले."

उठली. एका जुन्या लुगड्याच्या चिंद्या फाडल्या, गाठोडं बांधलं. "ज्याच्या हातात देली त्याले दे. त्याचीही माय असन कुठं."

युनिटमध्ये परतल्यावर, सत्तावीस नंबर मिळालेल्या पोराला मी गाठोडं दिलं. कुणाचं ते सांगितल्यावर तो सावधानमध्ये उभा राहिला.

पुढे दर रजेला एक गाठोडं ठरलेलं. ती विचारायची, "आता कोनापाशी हाये?" मी नाव सांगायचो. हात बदलत गेले, सत्तावीस नंबर तोच राहिला. निवृत्त झाल्यावरही मी युनिटमध्ये फोन करून विचारून ठेवायचो, आणि तिच्या चिंद्या पोस्टाने पाठवायचो.

यंदा फोनवर कळलं, नवीन रायफली आल्या, जुन्या सगळ्या जमा झाल्या. एसटीने भंडाऱ्याला जाईपर्यंत तिला कसं सांगावं हेच मनात होतं. पोचलो तेव्हा गाठोडं तयार होतं.

"कोनापाशी हाये?"

"कोनापाशीच नाही, माय. तिची नोकरी सरली."

"दुसऱ्या कोनाले देनार नाही?"

"नाही."

तिने गाठोडं उचललं, गजाननच्या फोटोखाली ठेवलं, आणि पदर सारखा केला.

"मंग आता ते बंदूक माह्या गजूचीच."

"हो, माय," मी म्हणालो. रायफल म्हण, असं सांगितलं नाही.