कॅमेरा चार्ज करून ठेवा!

लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे लग्नाचे किस्से साचतात. माझ्याकडे लग्नाचेही साचलेत आणि दुसरेही. बोईसरला माझा छोटा स्टुडिओ आहे. सकाळी पासपोर्ट साईज, दुपारी कामगारांच्या गेटपासचे फोटो, सीझनला हळदी आणि लग्नं. आणि मधूनच समोरच्या पोलीस चौकीतून माने हवालदारांची हाक येते, "नाना, चला! कॅमेरा घ्या." म्हणजे कुठेतरी कोणीतरी कोणाला तरी मारलेलं असतं आणि पंचनाम्याला फोटो हवे असतात. आता सगळ्यांच्याच खिशात मोबाईल आहेत, पण माने म्हणतात, "मोबाईलवर माणूस नीट येत नाही, नाना." मेलेला माणूस तरी नीट यावा एवढी काळजी घेणारा मला भेटलेला हा एकच हवालदार!

आमचं टोळकं चौघांचं. मी, माने, पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टर मॅडम, आणि चौकीत दुपारचा डबा आणणारी वनिताताई. डबा उघडला की किस्से सुरू! खूप हसायचो. आता डबा येत नाही. हसूही पहिल्यासारखं येत नाही.

*

माने मूळचे साताऱ्याकडचे, पण सगळी नोकरी या पट्ट्यात झालेली. त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. एमआयडीसीतून मोटारसायकलवर जाताना एखाद्या कंपनीच्या गेटला कुलूप दिसलं, बाहेर कामगार घोळक्याने बसलेले दिसले, की त्यांचा मला फोन. "नाना, कॅमेरा चार्ज करून ठेवा."

"का? काय झालं?"

"अजून काही नाही. पण होईल."

आणि व्हायचं हो! आधी त्या कामगारांच्या चाळीतून आरडाओरडा वाढायचा. मग डॉक्टर मॅडमकडे टाके घालून घ्यायला माणसं यायची. आणि एक दिवस मला बोलावणं यायचं.

नव्या बदलून आलेल्या फौजदारांच्या कानावर हे गेलं. ते हसून म्हणाले, "काय माने, ज्योतिष बघता म्हणे?"

"नाही साहेब," माने म्हणाले. "नुसतं कुलूप बघतो."

*

हे फौजदार तरुण, अभ्यास करून आलेले. प्रत्येक केसमध्ये त्यांचा पहिला प्रश्न, "हेतू काय?"

बेटेगावकडच्या एका चाळीत कामगार शिफ्टने झोपायचे. म्हणजे खोली एक, गाद्या मोजक्या आणि माणसं भरपूर. एक ड्युटीवर गेला की दुसरा त्याच गादीवर आडवा. मे महिना, लाईट गेलेली, वरचा पत्रा तापलेला. एक पोरगा डबल ड्युटी करून आला, तर गादीवरचा उठेना! शब्दाने शब्द वाढला. हाताशी लोखंडी पट्टी होती. मला बोलावणं आलं.

फौजदारांनी पोराला समोर घेतलं. "पुरानी दुश्मनी थी?"

"नहीं साब. दोस्त था."

"औरत का लफडा?"

"नहीं साब."

"फिर मारा क्यों?"

"उठ नहीं रहा था, साब. मुझे बहुत नींद आ रही थी."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. माने हळूच म्हणाले, "लिहा साहेब. हेतू, झोप!"

आम्ही सगळे फिस्सकन हसलो. वळून बघतो तर तो पोरगा बाकावर बसल्या बसल्या झोपून गेला होता. मग हसणं आपोआप थांबलं. बराच वेळ त्याला कोणी उठवलं नाही.

*

त्याच बाजूला दुसरी चाळ होती. अख्ख्या चाळीला नळ एकच. लोक कित्येक वर्षं मालकाच्या मागे लागलेले, अजून एक नळ द्या. मालकाचं उत्तर ठरलेलं, "पाईपच येत नाही तिकडे." एका सकाळी नंबरावरून जुंपली आणि रामविलास नावाचा एक जण डोक्यात हंडा बसून गेला. मी फोटो काढायला गेलो तेव्हा नळ तसाच वाहत होता. बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात चाळीत दुसरा नळ लागला! पाईप बरोबर पोचला. चाळीतले लोक आजही त्या नळाला 'रामविलास का नल' म्हणतात.

डॉक्टर मॅडम त्या दिवशी डबा न खाताच उठल्या. म्हणाल्या, "मी रिपोर्टात काय लिहिलं? मृत्यूचं कारण, डोक्याला मार. नळ एकच होता, हे लिहायला त्यात जागाच नसते हो!"

*

फौजदारांना एकदा लोकांना समजावून सांगायची हुक्की आली. दिवाळीनंतर जीप काढून आम्ही डोंगराकडच्या एका पाड्यावर गेलो. विषय, 'भांडणं मिटवा, शांततेत राहा.' माझं काम कार्यक्रमाचे फोटो. पाड्यावर पोचलो तर घरांना कड्या. अंगणात एकटा म्हातारा कोंबड्या राखत बसलेला.

फौजदारांनी विचारलं, "बाबा, तुमच्याकडे मारामाऱ्या होतात का?"

"आता नाय होत, सायेब."

फौजदार खूश! "बघा माने, फरक पडतोय."

म्हातारा म्हणाला, "मारनारे बी वीटभट्टीवर गेले, नि मरनारे बी गेले. पावसाचे टायमाला येतील परत. तवा या ना."

 परत येताना जीपमध्ये माने म्हणाले, "आपली हद्द शांत आहे, साहेब. भट्टीवाल्यांच्या हद्दीचं तेवढं विचारून घ्या." मी काढलेल्या फोटोत एक फौजदार, एक म्हातारा आणि सात-आठ कोंबड्या आल्या होत्या.

*

एकदा नव्या टॉवरमधून चौकीला फोन आला. एक बाई किंचाळत होत्या, "लवकर या! मर्डर केलाय!" माने, दोन शिपाई आणि मागे कॅमेरा घेऊन मी, पळतच सुटलो. गेटवर वॉचमन, जिन्यात कॅमेरे, लिफ्टमध्ये कॅमेरा. वर जाऊन बघतो तर बाईंचं बोन्साय कोणीतरी कुंडीतून उपटून टाकलेलं! झाड खरंच मेलं होतं. जिन्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. मांजर!

माने गंभीरपणे म्हणाले, "आरोपी फरार आहे."

चौकीत परत आलो तर वनिताताई डबा घेऊन उभी. डबा डाव्या हातात, उजवा हात पदराखाली. माने म्हणाले, "काय ताई, डावखुरी झालीस काय?"

"नाय सायेब. उजवा जरा दुखतोय."

का दुखतोय ते आम्हाला ठाऊक होतं. ताई जवळच्याच पाम गावची. नवरा किशोर रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होता. चांगला माणूस, गणपतीला आम्हाला घरी जेवायला बोलावणारा. कंपनी बंद पडली तसा तो दिवसभर घरात, मग गुत्त्यावर, मग हिच्या अंगावर. तिने एकदा तक्रार दिली होती. फौजदारांनी दोघांना समोर बसवलं, समजूत घातली, घरी पाठवलं. घरगुती मामला!

जेवताना आम्ही बोन्सायचा किस्सा रंगवून सांगितला. तीही हसली. मग डबे गोळा करता करता म्हणाली, "एका झाडाला एवढे जन धावलात? लई चांगलं झाड असंल."

माने उठून आपला डबा स्वतःच धुवायला घेऊन गेले. आणि खरं सांगायचं तर किशोरच्या कंपनीचं कुलूपही मानेंनी पाहिलं होतं. मला फोनही आला होता. कॅमेरा मी चार्ज करून ठेवला होता. फार वाईट वाटतं आता त्याचं.

*

पामला वनिताताईच्या घरी आज भिंतीवर तिचा फोटो आहे, हार घातलेला. किशोर जेलमध्ये आहे. घरी तिची म्हातारी सासू असते. येणारे-जाणारे तिला विचारतात, एवढा छान फोटो कुठे काढला?

माझ्याकडे काढला. दुपारची वेळ होती. माने हवालदार माझ्या स्टुडिओत स्टुलावर बसून चहा पीत होते. ताई आली ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून, तोंडाला पावडर लावून, केसांत अबोलीचा गजरा माळून. कपाळाच्या कडेला पावडरखालून निळं दिसत होतं.

मी म्हटलं, "काय ताई, आधारकार्डाला का?"

"नाय नाना. मोठा काडा. भिंतीवर लावायचा."

"अरे वा! काय विशेष?"

"माजा मेल्यावरचा फोटो काडायला तुमीच येनार ना?"

मी लेन्स पुसायला घेतली. तिने मानेंकडे बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मंग आताच काडून ठेवा," ती म्हणाली. "डोले उघडे हायत तवर."

माने उठले. त्यांनी तिला स्टूल दिलं. ती बसली, पदर सारखा केला, निळी बाजू पलीकडे जाईल अशी मान वळवली, आणि कॅमेऱ्याकडे बघत तिने मला विचारलं,

"हसू का, नाना?"