सासरे, गुडघा आणि मुलुंड-गोराईचा रस्ता

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं बावीस वर्षं उत्तम जमत होतं, कारण आम्ही एकमेकांशी फारसं बोलतच नव्हतो. भांडण नव्हतं. ते मुलुंडला, आम्ही चारकोपला, सणावाराला भेट. ते विचारायचे, "काय जावईबापू, बरं आहे ना?" मी म्हणायचो, "हो बाबा, तुमची तब्येत?" तेही "बरी आहे" म्हणायचे. मग ते पेपर उचलायचे आणि मी बायकोला मदत करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकायचो. बायको म्हणायची, "एरवी कधी आला नाहीस तो इथे!"

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. मुलुंडचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमचं घर चारकोपच्या सेक्टरमधलं, तळमजल्याचं. बायकोने जाहीर केलं, "बाबा दोन महिने आपल्याकडे राहणार." ते आले ते एक पिशवी, एक काठी आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन.

ते बसचे कंडक्टर होते. पस्तीस वर्षं उभ्याने काढलेला माणूस, त्याला बसून राहणं म्हणजे शिक्षा. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज सकाळी यायची आणि बजावून जायची, "आजोबा, संध्याकाळी अर्धा तास खुर्चीत गुडघा वाकवून बसायचं. पाय लांब करायचा नाही." पाचव्या मिनिटाला पाय स्टुलावर. बायको ओरडली की ते पेपर तोंडासमोर धरायचे. तो पेपर त्यांचा सकाळी नऊलाच वाचून झालेला असायचा.

उपाय काढला आमच्या मुलीने. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मैत्रिणींचा एक कंपू शनिवारी जमून बोर्डगेम खेळतो. आपल्या लहानपणची सापशिडी नव्हे. मोठमोठे खोके, त्यात शे-दोनशे तुकडे आणि पुस्तकाएवढे नियम. ती त्यांच्याकडचा एक खोका घेऊन आली. एक बेट बुडतंय आणि आपण सगळ्यांनी मिळून त्यातून सुटायचं, असा तो खेळ होता.

सासऱ्यांनी नियम नीट ऐकून घेतले. मग विचारलं, "म्हणजे जिंकलो तर सगळे जिंकणार?"

"हो आजोबा."

"आणि हरलो तर सगळे हरणार?"

"हो."

"मग भांडायचं कुणाशी?" असं म्हणून त्यांनी पाय स्टुलावर ठेवला.

दुसऱ्या शनिवारी तिने दुसरा खोका आणला. ह्यात एक नकाशा होता, युरोपातली शहरं आणि त्यांना जोडणारे रेल्वेमार्ग. एका रंगाचे पुरेसे पत्ते जमले की दोन शहरांमधला मार्ग आपला, त्यावर आपले छोटे प्लॅस्टिकचे डबे मांडायचे. एकाने घेतलेला मार्ग दुसऱ्याला मिळत नाही. प्रत्येकाकडे गुपचूप चिठ्ठ्या असतात, अमुक शहर तमुक शहराला जोडा. जोडलं तर गुण, नाही तर तेवढेच वजा.

सासऱ्यांनी चष्मा पुसून नकाशा पाहिला. "ही नावं कुठल्या मुंगीने लिहिली आहेत?"

नात म्हणाली, "थांबा." तिने पांढऱ्या स्टिकरच्या पट्ट्या कापल्या आणि ठळक मराठीत मुंबईतली नावं लिहून शहरांवर चिकटवली. अंधेरी, घाटकोपर, देवनार, मुलुंड, बोरिवली. तिला जिथे जागा दिसली तिथे.

"मुलुंड आणि बोरिवली शेजारी?" सासरे ताठ बसले. "मध्ये डोंगर आहे!"

"आजोबा, ते नुसतं नाव आहे हो."

"नुसतं नाव कसं? मुलुंडहून बोरिवलीला जायचं तर एक तर घोडबंदरचा वळसा, नाहीतर भांडुप, पवई, आरे करून. डोंगरातून कुठून नेतेस माझी बस?"

'माझी बस' हे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. नातीने निमूट पट्ट्या काढल्या. पुढचा तासभर ती दोघं नावं लावत आणि उपटत होती. एक शहर तर सालीसकट निघून आलं. देवनार खाली खाडीकडे गेलं. मधल्या मोकळ्या जागेत आरे कॉलनी आली, आणि ती पट्टी अंगठ्याने दाबताना सासरे हसायला लागले.

"इथे एकदा पाच म्हशी रस्त्यात बसल्या होत्या," ते म्हणाले. "पहाटेची बस. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, त्या ढिम्म. मी खाली उतरलो आणि एकेकीच्या कानाशी तिकिटाचा पंच वाजवला, टिकटिक टिकटिक. एक एक उठून चालायला लागली. मागच्या सीटवरचा म्हातारा ओरडला, कंडक्टर, त्यांना तिकीट दिलंस का?"

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "बाबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"घरी आलो की तुझी आई विचारायची, जेवायला वाढू का. म्हशींचं कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते सव्वा तास गुडघा वाकवून बसले होते. हे त्यांना कळलं नाही आणि आम्ही कुणी सांगितलं नाही.

रविवारी माझा शाळेपासूनचा मित्र आला. तो गोराईच्या जुन्या गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे इथला मूळचा ख्रिस्ती. चर्च आटपून होडीने खाडी ओलांडतो आणि आमच्याकडे येतो, हातात बहुतेक वेळा मासळीची पिशवी. नकाशा पाहून त्याचा पहिला प्रश्न, "माझी गोराई कुठाय?"

"तिथे आमची बस जात नव्हती," सासरे म्हणाले.

"मग आता जाऊ द्या की, काका!"

सासऱ्यांनी विचार केला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातलं शहर गोराईला दिलं. नातीने नवी चिठ्ठी लिहिली, मुलुंड ते गोराई. सगळ्यात लांबचा मार्ग, सगळ्यात जास्त गुण.

आम्ही चौघं खेळायला बसलो. ती चिठ्ठी सासऱ्यांना लागली, हे मला त्यांचे डबे मुलुंडहून सरकायला लागले तेव्हाच कळलं. त्यांना पवई-आरे हवं होतं. त्या मार्गाला लागणारे चार लाल पत्ते नेमके माझ्याकडे होते. मी ते धरून ठेवले आणि उगाचच घाटकोपरच्या बाजूला एक फालतू मार्ग घेतला. सासरे जिंकले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

ते हसले नाहीत. "जावईबापू, तुमच्याकडे चार लाल होते."

"हो बाबा."

"पवई-आरे मोकळं होतं. घेतलं का नाही?"

"सुचलं नाही."

"पस्तीस वर्षं मी माणसांचे चेहरे वाचलेत. पास नसलेला माणूस खिशात हात घालायच्या आधीच मला कळायचा. तुम्ही मला सोडलंत." त्यांनी आपले डबे एकेक करून डबीत भरले. "असंच खेळायचं असेल तर मी आपला पेपर वाचतो."

मित्र माझ्याकडे वळला. "काका बरोबर बोलतायत, यार. पाहुण्याला वाढतात तसा खेळतोयस तू."

मी कान पकडले, पण आत कुठेतरी ते लागलंच. मला वाटायचं, मी त्यांचा मान ठेवतो. खरं म्हणजे तो मान फार सोयीचा होता. मान ठेवला की पुढे काही बोलावं लागत नाही. बावीस वर्षं मी त्यांना अशीच वाट सोडून देत आलो होतो, आणि त्यांनाही ते कळत असणार.

पुढच्या रविवारी मी मनाशी ठरवून बसलो. मुलुंड-गोराईची चिठ्ठी पुन्हा त्यांच्याकडेच आली. अर्धा तास त्यांनी थंड डोक्याने रस्ता बांधला: भांडुप, पवई, आरे, गोरेगाव, कांदिवली. फक्त गोराईचा शेवटचा तुकडा राहिला. त्यांच्या हातात एक पत्ता कमी होता, हे ते ज्या रीतीने गठ्ठ्याकडे बघत होते त्यावरून दिसत होतं. चेहरे काय त्यांनाच वाचता येतात? माझी पाळी आली. मी तीन हिरवे पत्ते टाकले आणि त्या तुकड्यावर माझे निळे डबे ठेवले.

"अरे!" सासरे गरजले. "माझ्या तोंडासमोरचा रस्ता घेतलास? माणूस आहेस का कोण तू! तुला दुसरी जागा मिळाली नाही?"

बायको हातात झारा घेऊन बाहेर आली, बोंबील तव्यावर तसेच. सासऱ्यांच्या स्वतःच्याच कानावर आपले शब्द पडले असावेत. ते गोरेमोरे झाले. "म्हणजे... तुम्ही..."

"नाही बाबा," मी म्हणालो. "रस्ता मी परत देणार नाही आणि तुम्ही तो 'तू'ही परत घ्यायचा नाही."

आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ते इतके हसले की ठसका लागला. नातीने पाठ थोपटली. मित्र म्हणाला, "काका, वाट लागली ना? आता होडीने या गोराईला, मी घ्यायला येतो!"

चिठ्ठी फसल्याने त्यांचे इतके गुण वजा झाले की ते पार शेवटी आले. जेवताना ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. हे न बोलणं मात्र नेहमीचं नव्हतं, ह्यात खुन्नस होती. ताटातला शेवटचा बोंबील संपवून त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "मांड पुन्हा."

महिन्याभराने फिजिओथेरपीवालीने त्यांचा गुडघा वाकवून पाहिला आणि चकित झाली. "आजोबा, एवढा कसा काय वाकला? काय केलंत?"

"ह्याला हरवत होतो," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दोन महिने झाल्यावर ते मुलुंडला परतले. जिने चढता येत होते, त्यांना घरी जायचं होतं. नातीने निघताना खोका त्यांच्या पिशवीत घातला. मैत्रिणींना तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं न सांगता त्यांच्याकडे गेलो. घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, "खाली सोसायटीच्या ऑफिसात बघा." तिथे टेबलाभोवती चार म्हातारे, सासरे आणि त्यांच्या डेपोतले तिघे जुने सोबती, त्यातला एक निवृत्त ड्रायव्हर तर थेट कळव्याहून आलेला. भांडुपच्या तुकड्यावरून जोरात वाद चालला होता. बायकोने "बाबा" अशी हाक मारली. त्यांनी मान न उचलता हात वर केला, थांबा म्हणून.

आम्ही थांबलो. बायको बाबांच्या खिशातली किल्ली काढून वर गेली आणि सगळ्यांसाठी चहा करून घेऊन आली. कप टेबलावर ठेवायला जागा नव्हती, म्हणून आम्ही दोघं दोन्ही हातांत कप धरून उभे राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चहावर साय धरली. ड्रायव्हरने शेवटी भांडुप घेतलं, सासऱ्यांनी कपाळाला हात मारला, आणि बायको माझ्या कानाशी म्हणाली, "दुसरा टाकू का रे चहा? हे काही इतक्यात संपत नाही."