दगडाचा नंबर

सोमवार, १८ जानेवारी १९७१. खिशात अडतीस रुपये, पिशवीत दोन धोतरं आणि पत्नीने बांधून दिलेल्या चार पोळ्या. संगमनेरच्या स्टँडवर निरोपाला एकटी पत्नीच होती. तिसगावजवळच्या वाडीत माझी थोरली बहीण राहते, आम्ही तिला आक्का म्हणतो. तिचा डावा डोळा तीन वर्षांपूर्वीच गेला आणि आता उजव्यातही मोतीबिंदू पिकला आहे. तिसगावच्या धर्मशाळेत डोळ्यांचं मोफत शिबिर भरणार होतं. शस्त्रक्रिया फक्त चाळीस होणार होत्या. त्या चाळिसांत आक्काला बसवायचं, एवढ्यासाठी मी आठ दिवसांची रजा काढली होती.

एसटीत जागेवरूनच वाद झाला. मी आधी रुमाल टाकलेल्या सीटवर एक गृहस्थ बसून राहिले. कंडक्टरकडे दाद मागितली तर तो म्हणाला, "सीटवर नंबर हायत का? न्हाईत ना? मग बसंल त्याची." मी उभा राहिलो. राहुरीच्या अलीकडे एक ऊसवाले शेतकरी सरकले आणि त्यांनी मला टेकायला वीतभर जागा दिली. गप्पा सुरू झाल्या.

"आमच्या नंबरात ऊस उभा हाय," ते म्हणाले. नंबर म्हणजे शेत. सर्वे नंबरातला सर्वे लोकांनी केव्हाच गाळून टाकला आहे. "पन तोडीचा नंबरच लागंना. वजन घटाया लागलं."

"ऊस कसा आहे?"

"एक नंबर!"

"मग तोड का मिळत नाही?"

"तोडीच्या चिठ्ठ्या देनारा चिटबॉय दहा नंबरी हाय ना."

पाव तासात एकाच इंग्रजी शब्दाने शेत, पाळी, उत्तम प्रत आणि लबाड माणूस एवढं सगळं सांगून झालं. तिकिटाच्या मागे मी हे चार अर्थ लिहून घेतले. मला राग आला. माझी सारी चाकरी शाळेच्या कचेरीत चालली आहे. तिथे हजेरीपटावर ज्याचा क्रमांक त्याचाच असतो. आकड्याचं काम मोजण्याचं. त्याला असं घरगड्यासारखं वाटेल त्या कामाला जुंपलं, तर खरी मोजणी कोण करणार?

नगरला गाडी बदलली. डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालापर्यंत रस्ता बरा होता. करंजीच्या घाटात मात्र गाडीच्या नाकातून वाफा निघू लागल्या. ड्रायव्हरने सगळ्यांना खाली उतरवलं. जो तो आपला तांब्या रेडिएटरमध्ये ओतू लागला. मी माझा फिरकीचा तांब्या दिला तो परत आला, पण झाकण आलं नाही. घाटावर सीताफळीची झुडपं आणि उघडा मुरूम. राहुरीकडचा हिरवा ऊस पाहिलेल्या डोळ्यांना हा मुलूख उपाशी वाटतो. पण उतार संपला की ज्वारी दिसते. कणसांत दाणे भरत होते.

तिसगावच्या फाट्यापासून वाडीपर्यंत दोन मैल चालत गेलो. आक्का दारातच बसली होती.

"नारायन का रं? पाय घासत चालायची खोड गेली न्हाई तुजी."

रात्री तिने शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या उकळून केलेली आमटी) आणि बाजरीची भाकरी केली. मी पाहत होतो. चिमूट चाचपून तिने मीठ घातलं, चुलीकडे वळली, आणि पुन्हा चिमूट घातली. खारट शेंगोळे दोनदा वाढून घेतले.

"उद्या घाई नगं करू," ती म्हणाली. "शेजारची सोनाबाई आजच अंडी घेऊन तिसगावात गेलीया. ती आपली जागा धरून ठेवनार हाय."

मंगळवारी बैलगाडीने आठच्या सुमारास धर्मशाळेपाशी पोचलो. आक्काला लिंबाखालच्या पारावर बसवलं आणि सोनाबाईला शोधू लागलो. ती कुठेच दिसेना. तेव्हा ओळ मोजली. माणसं एकोणीस. आणि माणसांच्या मधे मधे जमिनीवर दगड, चपलांचे जोड, एक पितळी तांब्या, एक उपडी पाटी, एक विळा. या वस्तू बावीस. एकूण एकेचाळीस. म्हणजे आक्का बेचाळिसावी.

माझं डोकं फिरलं. बसमध्ये माझा रुमाल चालला नाही आणि इथे दगड चालतात? शिवाय, खरं ते लिहितो, वस्तू काढल्या तर आक्का विसावी येत होती, हा हिशेब मी मनात आधीच केला होता.

"हा काय प्रकार आहे?" मी मोठ्याने विचारलं.

"नंबर लावल्यात," ओळीच्या शेवटाकडून एक म्हातारे म्हणाले. डोक्याला लाल मुंडासं आणि दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय. सगळे त्यांना आबा म्हणत होते. "लांब लांबनं रातच्यानं आल्यात लोक. कुनी ढोराकडं गेलंय, कुनी बाजाराला. दगड हाय म्हंजी मानूस हाय."

"दगडाला मोतीबिंदू होतो का? ज्याला डोळा दाखवायचा त्याने स्वतः उभं राहावं!"

"पाव्हनं, गपगुमान मागं उभं ऱ्हावा."

बायका हसल्या. त्या हसण्याने माझा तोल गेला. पायाजवळचा एक काळा दगड मी उचलला आणि रस्त्यासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर भिरकावला.

हसणं थांबलं. ओळ जागची हलली नाही, पण एकोणीस चेहरे माझ्याकडे वळले. त्यांतल्या निम्म्यांना मी दिसतही नसेन.

"कंचा दगड फेकला ह्यानं?" आबांनी विचारलं.

"सत्ताविसावा," कोणीतरी सांगितलं.

"आरं द्येवा. त्यो सोनाबाईनं ठेवलेला. तिच्या शेजारनीचा. बिचारीला काय बी दिसंना. तिचा भाऊ येनार हाय म्हनं संगमनेरावरनं. लई हिशेबी मानूस हाय म्हनत हुती."

मी म्हणालो, "तो भाऊ मीच."

ओळीत जो हशा उठला त्याचं वर्णन करत नाही. तेवढ्यात रिकामी पाटी घेऊन सोनाबाई आली. तिला सगळी हकीकत कळल्यावर ती हसली नाही, हे विशेष.

"शिकल्यालं मानूस," एवढंच ती म्हणाली.

मी दुसरा दगड ठेवायला निघालो, तर आबांनी अडवलं. "तसं न्हाई चालायचं. त्योच दगड पायजे. आज तुमी दुसरा ठेवाल, उद्या कुनीबी ठेवंल. मग नंबराला काय अर्थ ऱ्हायला?" हे माझंच म्हणणं होतं. माझ्या कचेरीत मी शब्दशः असंच बोललो असतो.

मी खडीच्या ढिगापाशी गेलो. सगळेच दगड काळे, सगळेच फुटके. पंच्यात पाच-सहा भरून आणले, ओळीने नापसंत केले. आणखी आणले, तेही परत. दहाला टेबल मांडणार होते आणि साडेनऊ वाजले होते. शेवटी आक्काच काठी टेकत पारावरून उतरली.

"हितं आन."

तिने एकेका दगडावरून बोटं फिरवली. हा न्हाई. हा न्हाई. तिसऱ्या खेपेला एका तुकड्यावर तिचा हात थांबला. अंगठ्याने तिने त्याच्यावरचे बारीक खड्डे चाचपले. टाकीचे घाव होते ते.

"ह्यो. आईच्या जात्याचा हाय. माज्या लग्नात तिनं दिल्यालं. फुटलं तवा तुकडा ठेवला हुता मी. सोनाबाईसंगं त्योच धाडला." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तू बी दळलंयस त्याच्यावर. वळखलं न्हाईस?"

दगड सत्ताविसाव्या जागी गेला. ओळीनेच दंड ठरवला. दगड हलवणाऱ्याने साऱ्या ओळीला चहा पाजायचा, अशी तिथली रीत आहे. मी मान्य केलं.

दहा वाजता टेबल लागलं. शिबिर भरवणारी मंडळी कोण, ते मी मुद्दाम लिहीत नाही. चिठ्ठ्या वाटणारा गृहस्थ पांढऱ्या टोपीचा होता. त्याने छापील पुस्तकातली पहिली चिठ्ठी फाडली तोच एक जीप आली. तिच्यातून तिघे जण उतरले, ओळीकडे न पाहता टेबलापाशी गेले आणि चिठ्ठ्या घेऊन आत गेले. एक, दोन, तीन.

मी टेबलापाशी गेलो. "हे तिघे ओळीत कुठे होते?"

"तुम्ही कोण?"

"मी सत्ताविसाव्या दगडाचा भाऊ. मला सांगा, यांचा दगड कुठे आहे? चप्पल तरी? विळा?"

"त्यांची शिफारस आहे," तो म्हणाला आणि पुढची चिठ्ठी भरू लागला. मी आवाज चढवला. चाळिसांतून तीन गेले, सदतीस उरले, ओळीतले शेवटचे चौघे कोणत्या हिशेबाने गळाले ते लिहून द्या म्हणालो. त्याने लिहून दिलं नाही. दोन स्वयंसेवकांनी मला दंडाला धरून बाजूला केलं. आक्काला तिसावी चिठ्ठी मिळाली. शेवटची चिठ्ठी ओळीतल्या सदतिसाव्याला गेली. आबा अडतिसावे होते.

"आबा, मी अर्ज लिहून देतो," मी म्हणालो.

"लिवा की. पन मला वाचाया येत न्हाई आन आता दिसत बी न्हाई." ज्या दगडावर ते रात्रभर बसले होते, तो त्यांनी वाकून चाचपला आणि उचलला. धर्मशाळेच्या पहिल्या पायरीच्या कोपऱ्याशी नेऊन तो नीट टेकवून ठेवला. "पुडल्या सालासाठी. एक नंबर माजा. ध्यान ठिवा रं."

ओळीतल्या माणसांनी मान डोलावली. पांढऱ्या टोपीवाला हसला.

आठवडाभर धर्मशाळेच्या पडवीत मुक्काम केला. सोनाबाईने रोज भाकरी आणून दिली. पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी आक्काच्या डोळ्याला एक जाड भिंग लावून पाहिलं. चष्म्याचा नंबर दहा, म्हणाले. आक्काने त्या भिंगातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हातारा झालास की रं," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर खिडकीशी जागा मिळाली. घाट उतरताना ते मागचं तिकीट खिशातून काढलं. चार अर्थांखाली पाचवा लिहायचा होता. हजेरीपटाच्या क्रमांकावर माझा जन्म गेला, पण माणूस समोर नसताना त्याची जागा दुसऱ्यांनी राखायची, हे त्या क्रमांकात कधीच नव्हतं. दगडाच्या नंबरात होतं. आणि शिफारशीच्या चिठ्ठीतही नव्हतं, ती तर छापील होती. निघताना मी पायरीपाशी मुद्दाम पाहून आलो. रोज शंभर पावलं तिथून जात होती. आबांचा दगड जागेवर होता.

खर्च असा: शिबिराला काही नाही. धर्मशाळेसमोरच्या चहावाल्याला एकेचाळीस चहांचे, पंधरा पैशांप्रमाणे, सहा रुपये पंधरा पैसे. जीपमधल्या तिघांना धरलेलं नाही.